खोदण्यापूर्वी सांगावे : ग्वाल्हेरची बांधकामे आणि नागरिकांशी संवाद

॥ श्री ॥



या ठिकाणी आम्ही सामान्यतः उत्सवांच्या सूचना, देणग्यांचा हिशेब आणि प्रासंगिक लेख देत असतो. या वेळचा विषय किंचित निराळा आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात जी मोठी बांधकामे झाली आणि जी होत आहेत, त्यांविषयी दर्शनास येणारी मंडळी सभामंडपात बसून बोलत असतात. कोणाच्या घराच्या भिंतीस तडा गेला, कोणाच्या दुकानासमोर तीन महिने खड्डा राहिला, कोणाच्या नळास गढूळ पाणी आले. या सर्व तक्रारी ऐकताना आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. बांधकाम होऊ नये, असे म्हणणारे फारच थोडे आहेत. ‘आम्हांस कोणी सांगितलेच नाही’ असे म्हणणारे मात्र जवळजवळ सगळेच आहेत. या वाक्याचा विचार करावा, म्हणून हा लेख.

शहर बदलते आहे

ग्वाल्हेर सध्या मोठ्या स्थित्यंतरातून जात आहे. २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत शहराची निवड झाली आणि महाराज बाड्याच्या परिसराचे रूप पालटू लागले. ती देशव्यापी योजना ३१ मार्च २०२५ रोजी समाप्त झाली. शिंदे सरकारच्या काळात सुरू झालेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर जाणारी आपली छोटी गाडी मार्च २०२० मध्ये थांबली, ती पुन्हा धावली नाही. तिच्या जागी ब्रॉडगेज मार्ग टप्प्याटप्प्याने घालण्याचे काम हाती घेण्यात आले. मार्च २०२४ मध्ये विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. अमृत योजनेखाली भुयारी गटारे आणि जलवाहिन्या यांसाठी गल्लोगल्ली खोदकाम झाले. स्वर्णरेखेच्या पात्रावरून जाणाऱ्या उन्नत मार्गाचे भूमिपूजन २०२२ मध्ये झाले. त्याचा पहिला टप्पा ट्रिपल आयटीएमपासून राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटरचा, आणि दुसरा तेथून पुढे गिरवाईच्या दिशेने, अशी ती योजना आहे.

ही कामे आवश्यक नाहीत असे कोण म्हणेल? लष्करच्या अरुंद रस्त्यांवरून सायंकाळी वाहन काढणे किती कठीण आहे, हे आपण रोज अनुभवतो. परंतु रस्ता, पूल आणि गटार हे केवळ सिमेंट-लोखंडाचे काम नसते. ते कोणाच्या तरी दारासमोर होते. अभियंत्याच्या नकाशावर जी एक रेषा असते, तिच्यावर प्रत्यक्षात कोणाचा ओटा, कोणाची हातगाडी, कोणाची शाळेची वाट असते. नकाशा आणि वस्ती यांच्यामध्ये जो संवाद व्हावयास हवा, तो आपल्याकडे बहुधा काम सुरू झाल्यावर होतो आणि तोही भांडणाच्या रूपाने.

तिघऱ्याचे स्मरण

या विषयाचा इतिहास आपल्या दाराशीच आहे. आपण ज्या तिघरा धरणाचे पाणी पितो, ते सांक नदीवर बांधलेले आहे. विख्यात अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी प्रथम पुण्याजवळ खडकवासल्यास बसवलेली स्वयंचलित दारे पुढे तिघऱ्यासही बसवण्यात आली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु याच धरणाची दुसरी कथा फारशी सांगितली जात नाही. सुमारे २४ मीटर उंचीचे हे दगडी धरण १९१७ मध्ये तयार झाले आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला फुटले. पुराचे पाणी भिंतीवरून वाहिले, पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरले आणि भिंतीचे मोठाले खंड जागचे सरकून वाहून गेले. खालच्या भागात हजाराच्या आसपास माणसे दगावल्याचा अंदाज धरण-दुर्घटनांच्या नोंदींत दिला जातो. पुढे १९२९ मध्ये धरण पुन्हा उभारण्यात आले.

या दुर्घटनेतून अभियांत्रिकीने पायाच्या खडकाविषयी धडा घेतला. समाजाने घ्यावयाचा धडा वेगळा आहे. भिंतीच्या वरच्या अंगास साठलेले पाणी किती, पूर आला तर ते कोठवर येईल आणि आपण कोठे जावे, हे खालच्या गावातील माणसाला ठाऊक असणे हा धरणाचाच एक भाग आहे, जसा सांडवा हा एक भाग आहे. पुणेकरांस १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवतो. त्या दिवसाच्या आठवणींमध्ये पाण्याइतकाच अफवांचा आणि अपुऱ्या सूचनांचाही उल्लेख असतो. माहिती वेळेवर आणि विश्वासार्ह मुखातून आली नाही, की तिची जागा अफवा घेते. हा नियम पुरास लागू आहे, तसाच गल्लीतल्या खोदकामासही लागू आहे.

आणि संमतीवाचून केलेल्या कामाचे काय होते, हेही मराठी माणसास जुने ठाऊक आहे. मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले. धरण झाले, मुंबईस वीज मिळाली. परंतु शंभर वर्षांनंतरही मुळशी हे नाव धरणाच्या उंचीसाठी नव्हे, तर त्या न विचारलेल्या शेतकऱ्यांसाठी स्मरणात आहे.

स्वर्णरेखा : एकाच नदीवरील अनेक कामे

स्वर्णरेखेविषयी ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला विशेष जिव्हाळा आहे. जून १८५८ मध्ये झाशीच्या राणीसाहेबांचा अखेरचा संग्राम याच परिसरात झाला. या ओढ्याशी त्यांचा घोडा अडला, अशी परंपरा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज त्या प्रवाहाची अवस्था सांगावयास नको. तळ आणि काठ काँक्रीटने बांधले गेले, सांडपाण्याच्या वाहिन्या पात्रातूनच नेल्या गेल्या, सुशोभनाच्या योजना आल्या आणि गेल्या. अखेर नदीच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे गेला. त्याच पात्रावर आता उन्नत मार्गाचे खांब आहेत.

येथे आम्ही कोणत्याही एका योजनेचा कैवार घेत नाही. प्रश्न असा आहे की, या नदीकाठच्या रहिवाशाला या सर्व कामांचे एकत्रित चित्र कधी कोणी दाखविले काय? एक खाते पात्र बांधते, दुसरे त्यातून वाहिनी नेते, तिसरे त्यावर पूल बांधते. प्रत्येकाची निविदा निराळी, फलक निराळा, अधिकारी निराळा. रहिवाशाच्या दृष्टीने मात्र ते सर्व एकच सरकार असते आणि एकच धूळ असते. पहिल्या खात्याने दिलेले आश्वासन दुसऱ्या खात्यास ठाऊक नसते; मग तिसरे खाते जेव्हा खरोखर प्रामाणिकपणे समजावून सांगू लागते, तेव्हा त्याच्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. विश्वास हे असे भांडवल आहे की, ते एका खात्याने उधळले तर दुसऱ्या खात्यासही तोटा सोसावा लागतो.

२०२५ च्या पावसाळ्यात चेतकपुरीचा नवा रस्ता एकाहून अधिक वेळा खचला, तेव्हा त्याची चित्रे देशभर पाहिली गेली आणि आपण सर्वांनीच मान खाली घातली. त्यानंतर शहरात कोठेही नवे खोदकाम सुरू झाले की पहिला प्रश्न येतो, ‘हेही खचणार काय?’ त्या कामावरील अभियंता कितीही कुशल असो, त्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते.

कायदा काय सांगतो

नागरिकांना विचारावे, असे आपल्या कायद्यात नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे.

२०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यात जमीन घेण्यापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यांकन, बाधित क्षेत्रात जनसुनावणी आणि अहवाल स्थानिक भाषेत उपलब्ध करणे यांची तरतूद आहे. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची असेल तर ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती लागते. पर्यावरणीय परिणामांविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि लोकांना निदान ३० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्रधारक विक्रेत्यास हलविण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस आवश्यक आहे, आणि नगर विक्रय समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर याहून पुढे जातो. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची वस्तुस्थिती प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करावी आणि बाधितांना कारणे सांगावीत, असे त्याचे चौथे कलम म्हणते. अर्ज करून मागण्याची वेळ नागरिकावर येऊच नये, हा त्याचा आशय आहे.

मग उणीव कोठे आहे? उणीव अशी की, जी कामे आपल्या जीवनास सर्वांत अधिक स्पर्श करतात, ती बहुतेक या जाळ्यातून निसटतात. गल्लीतले भुयारी गटार, जलवाहिनी, नगरातला रस्ता यांच्यासाठी जमीन घ्यावी लागत नाही, म्हणून भूसंपादनाची सुनावणी नाही. पर्यावरणीय अधिसूचनेच्या यादीतही ही कामे साधारणतः बसत नाहीत. म्हणून धरणासाठी सुनावणी होते, पण दारासमोरच्या दहा फूट खोल चराविषयी एक कागदही भिंतीवर लागत नाही.

तक्रारीची सोय मात्र आपल्या राज्यात आहे. दर मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जनसुनवाई भरते, १८१ क्रमांकावर मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे. त्यांचा लाभ अनेकांना झाला आहे. परंतु तक्रार ही घडून गेलेल्या गोष्टीची असते. संवाद घडण्यापूर्वी व्हावा लागतो. रुग्णालय चांगले आहे म्हणून पथ्य सांगणाऱ्या वैद्याची गरज संपत नाही.

आमच्या गल्लीतील दोन अनुभव

आता आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मंदिरासमोरच्या गल्लीत गटाराचे काम निघाले. गणेशोत्सव तीन आठवड्यांवर आला होता. एके दिवशी सकाळी काकड आरतीस आलेल्या मंडळींना रस्ता खोदलेला दिसला. मुकादमास विचारले, तर त्याने ठेकेदाराचे नाव सांगितले. ठेकेदाराने कार्यालयाकडे बोट दाखविले. कार्यालयाने काम ठेकेदाराचे असल्याचे सांगितले. चौथ्या दिवशी जुनी जलवाहिनी फुटली, कारण ती कोठून गेली आहे हे खोदणाऱ्यांना ठाऊक नव्हते. गल्लीतल्या एका ऐंशी वर्षांच्या आजोबांना ते ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. शेजारच्या वाड्याच्या भिंतीस तडा गेला. तो खोदकामाने गेला की पूर्वीचाच होता, यावर दीड वर्ष वाद चालला, कारण आधीचे छायाचित्र कोणापाशीच नव्हते. त्या वर्षी पालखी मागच्या वाटेने न्यावी लागली.

दुसरा अनुभव याच्या अगदी उलट आहे. पुढे जलवाहिनीचे काम निघाले, तेव्हा एक तरुण कनिष्ठ अभियंता कामाच्या महिनाभर आधी सायंकाळच्या आरतीनंतर आला. त्याने ओट्यावर नकाशा पसरला आणि सांगितले, ‘माझ्याकडे कागदावर इतके आहे, जमिनीखाली काय आहे ते तुम्ही सांगा.’ आजोबांनी काठीने रेघ ओढून जुनी वाहिनी दाखविली. गल्लीतल्या वहिनींनी सांगितले की, शाळेची रिक्षा सकाळी सात वाजता येते, तोपर्यंत चर झाकलेला असावा. कोणाच्या घरी लग्न होते, त्यांनी तारीख सांगितली. अभियंत्याने सर्व वहीत लिहून घेतले, काही गोष्टी जमणार नाहीत हेही तेथल्या तेथे स्पष्ट सांगितले आणि आपला भ्रमणध्वनी क्रमांक फळ्यावर लिहिला. काम सांगितल्यापेक्षा नऊ दिवस लांबले. तरीही गल्लीत एकही भांडण झाले नाही, कारण विलंब होणार हे त्याने आदल्या आठवड्यातच फळ्यावर लिहून ठेवले होते.

दोन्ही कामांत यंत्रे तीच, माती तीच, माणसेही तीच. फरक केवळ एका सायंकाळचा आणि एका वहीचा होता.

आमचाही दोष

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल की, सर्व दोष सरकारी खात्यांवर टाकून आम्ही मोकळे झालो. तसे नाही. या लेखाचे खरे कारण पुढेच आहे.

त्याच नकाशावरून आम्हांस कळले की, मंदिरासमोरचा ओटा आणि त्यावरील पत्र्याचे छप्पर यांचा काही भाग पावसाळी नाल्यावर येतो. तो ओटा पूर्वीच्या विश्वस्तांनी सद्‌हेतूनेच बांधला असेल. परंतु पावसाळ्यात मागच्या गल्लीत गुडघाभर पाणी साठते, त्याचे एक कारण आमचा ओटा आहे, हे त्या दिवशी प्रथम उमगले. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत यावर फार वेळ चर्चा झाली. ‘देवाच्या जागेस हात लावू देणार नाही’ असे ठणकावून सांगितले असते, तर काम निश्चित थांबले असते. धार्मिक भावना हा शब्द उच्चारला की भलेभले अधिकारी माघार घेतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सार्वजनिक रस्त्यांवर कोणत्याही धर्माच्या नावाने अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश दिलेला आहे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी, मागच्या गल्लीतील घरांत पाणी शिरावे आणि आमच्या ओट्यावर कीर्तन व्हावे, यात कसला धर्म? बहुमताने ओटा मागे घेण्याचे ठरले. दोन ज्येष्ठ विश्वस्तांना ते पटले नाही. त्यांचे मतही आम्ही कार्यवृत्तात नोंदविले आहे.

यापुढची गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो. त्या छपराच्या सावलीत एक फुलवाल्या मावशी अनेक वर्षे बसत असत. निर्णय घेताना आम्ही अभियंत्याशी बोललो, पार्षदांशी बोललो, आपसांत बोललो. मावशींना मात्र छप्पर उतरविण्याच्या आदल्या दिवशी कळले, तेही मजुरांकडून. त्यांनी एवढेच विचारले, ‘मला कोणी सांगितले का नाही?’ जे वाक्य आम्ही इतरांविषयी उच्चारीत होतो, तेच आमच्यासमोर येऊन उभे राहिले. पुढे त्यांना प्रवेशद्वाराच्या आत जागा दिली. पण जागा देणे आणि आधी विचारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट समजली. ‘समाजाशी बोललो’ असे जेव्हा अधिकारी म्हणतात, तेव्हा ते बहुधा आमच्यासारख्यांशी बोललेले असतात: विश्वस्त, व्यापारी संघाचे पदाधिकारी, निवृत्त शिक्षक. आम्ही सुशिक्षित, आमच्यापाशी वेळ आणि आवाज. भाडेकरू, हातगाडीवाला, मोलकरीण, दिव्यांग व्यक्ती, दुपारी घरी असणाऱ्या वृद्ध स्त्रिया यांचा प्रतिनिधी म्हणून आम्हांस कोणी नेमलेले नाही. अमेरिकेतील अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी केवळ दिखाऊ सहभाग, मध्ये माहिती देणे आणि सल्ला घेणे, आणि वर खरा अधिकार. त्या शिडीकडे पाहिले की वाटते, मावशींच्या बाबतीत आम्ही स्वतः पहिल्या पायरीवरही चढलो नव्हतो.

इतरत्र काय झाले

अन्य नगरांचा अनुभव उपयोगी आहे. दिल्ली मेट्रोने बांधकामाच्या काळात वस्तीवस्तीत जाऊन संवाद-बैठका घेण्याचा प्रघात पाडला. मुंबईत कुलाबा ते आरे या ३३.५ किलोमीटर भुयारी मेट्रोने, जिचा संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला, दोन्ही प्रकारचे धडे दिले. गिरगाव-काळबादेवीत स्थानकांसाठी जुन्या चाळी पाडाव्या लागणार हे कळताच तेथील मराठी रहिवासी रस्त्यावर उतरले. दूरच्या उपनगरात घर नको, येथेच हवे, ही त्यांची मागणी होती; अखेर त्याच परिसरात पुनर्वसनाची योजना आखण्यात आली. पारशी समाजाच्या दोन पवित्र आतश बेहरामांच्या परिसराखालून भुयार जाण्याविषयी २०१८ मध्ये उच्च न्यायालयात याचिका झाली, काही महिने तेथील काम थांबले आणि नोव्हेंबरअखेर याचिका फेटाळली गेल्यावर ते पुढे गेले. आरेच्या झाडांचा २०१९ मधील वाद तर सर्वश्रुत आहे.

या उदाहरणांतून दोन निष्कर्ष निघतात. एक, संवाद म्हणजे प्रत्येक मागणी मान्य करणे नव्हे. पारशी बांधवांची मागणी मान्य झाली नाही. दुसरा, जो प्रश्न आराखड्याच्या वेळी टेबलावर सोडविता येतो, तो पुढे ढकलला तर न्यायालयात सोडवावा लागतो, आणि तेथे लागणारा काळ व पैसा अखेर आपल्याच करातून जातो. म्हणजे संवाद ही शिष्टाचाराची बाब तर आहेच, पण हिशेबाचीही आहे.

आम्ही काय सुचवितो

आम्ही अभियंते नाही. तरीही नागरिक म्हणून पुढील गोष्टी अवघड नाहीत, असे आम्हांस वाटते.

१. कामाच्या निदान एक महिना आधी गल्लीत साध्या हिंदीत फलक लागावा. काय होणार, का होणार, केव्हा सुरू होऊन केव्हा संपणार, पाणी व वाट किती दिवस बंद राहील आणि विचारावयाचे कोणास, एवढी पाच उत्तरे त्यावर असावीत. खर्चाचा आकडा आणि पुढाऱ्यांची चित्रे नंतर.

२. लगतच्या घरांच्या भिंतींची छायाचित्रे खोदण्यापूर्वी, घरमालकाच्या उपस्थितीत काढावीत व त्याची प्रत त्यास द्यावी. यामुळे खरी भरपाई मिळते आणि खोट्या मागणीसही आळा बसतो.

३. जमिनीखालच्या वाहिन्यांविषयी जुन्या रहिवाशांना विचारावे. त्यांचे ज्ञान निविदेत नसते.

४. सभा एकाच वेळी घेऊ नये. दुकानदारांस दुपार सोयीची, नोकरदारांस रात्र, स्त्रियांस कदाचित सकाळचा उत्तरार्ध. हातगाडीवाल्याने सभेस यावे म्हणून त्याचा धंदा बुडवावयास लावू नये, त्याच्यापाशी जावे.

५. विलंब, चूक किंवा बदल झाल्यास तो लपवू नये. लोक विलंब सोसतात. अंधारात ठेवलेले सोसत नाहीत.

६. ‘नाही’ म्हणावयाचे असेल तर कारणासह म्हणावे. कारण सांगितलेला नकार मनुष्य कालांतराने स्वीकारतो.

नागरिकांचीही कर्तव्ये आहेत. सभेस जाऊन केवळ ओरडणे, अपुऱ्या माहितीवर संदेश पुढे पाठविणे, आपले अतिक्रमण लपवून शेजाऱ्याचे दाखविणे, हे सोडावे लागेल. ऐकून घेणाऱ्या अभियंत्यास आपण दरडावले, तर पुढच्या वेळी तो येणार नाही आणि त्यास दोष देण्याचा आपला अधिकारही राहणार नाही.

विश्वस्त मंडळाचा निर्णय

केवळ उपदेश करून थांबू नये, म्हणून विश्वस्त मंडळाने पुढील गोष्टी ठरविल्या आहेत. परिसरातील कोणत्याही सार्वजनिक कामाविषयी रहिवाशांची सभा घ्यावयाची असल्यास, कोणत्याही खात्यास व कोणत्याही धर्म-जातीच्या नागरिकांस मंदिराचा सभामंडप आरतीची वेळ सोडून विनामूल्य मिळेल. प्रवेशद्वाराजवळच्या फळ्याचा अर्धा भाग अशा सूचनांसाठी राखून ठेवला आहे. आपल्या घराच्या भिंतींची छायाचित्रे दिनांकासह काढून ठेवण्यास ज्यांना साह्य हवे असेल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. आमचे तरुण स्वयंसेवक येतील. आणि मंदिराच्या स्वतःच्या कोणत्याही बांधकामापूर्वी, त्याने ज्यांच्या उपजीविकेस वा वाटेस बाधा येईल अशा प्रत्येक व्यक्तीस भेटून विचारल्याची नोंद कार्यवृत्तात झाल्यावाचून काम सुरू होणार नाही. या अखेरच्या ठरावावर विश्वस्तांचे एकमत झाले; ओट्याविषयी ज्यांचा विरोध होता, त्या दोघांनीही त्यास अनुमोदन दिले.

गेल्या पावसाळ्यात मागच्या गल्लीत पाणी साठले, परंतु घरांत शिरले नाही. ओटा आता लहान आहे. कीर्तनास आलेल्या काहींना उभे राहावे लागते. मावशी दाराच्या आत बसतात. पूर्वीपेक्षा विक्री कमी होते, असे त्यांनी आम्हांस सांगितले आहे, कारण रस्त्यावरून जाणाऱ्यास त्या दिसत नाहीत. त्यावर उपाय काय, हे ठरविण्यासाठी या वेळी आम्ही प्रथम त्यांनाच विचारले आहे. त्यांना दरवाज्याच्या उजव्या बाजूस, जेथे नाला नाही, तेथे जागा हवी आहे. येत्या बैठकीत तो विषय प्रथम घेतला जाईल.

वाचकांनी आपल्या सूचना कार्यालयात लेखी द्याव्यात, ही विनंती.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ
लष्कर, ग्वाल्हेर